पुराणकथेचे पुनर्कथन : पर्सियसच्या दोन चित्रपटांच्या निमित्ताने

(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेतील एक व्याख्यान)



ग्रंथालयात येऊन कोणी 'रामायण द्या' असे म्हटले, तर ग्रंथपालाला आधी विचारावे लागते, 'कोणते?' वाल्मीकींचे, एकनाथांचे भावार्थ रामायण, श्रीधरांचा रामविजय, की मोरोपंतांच्या अष्टोत्तरशत रामायणांपैकी एखादे? वाचकाला या प्रश्नाचे नवल वाटत नाही. एकच कथा अनेकांनी अनेक परींनी सांगावी ही आपल्या वाङ्मयाची जुनी रीत आहे. असे असताना एखादा गाजलेला पौराणिक चित्रपट कोणी नव्याने काढला, की जाणत्या प्रेक्षकाच्या कपाळावर प्रथम आठ्या का पडतात? पोथीला दिलेली मुभा तो पडद्याला का नाकारतो? त्याच्या या नाराजीत तथ्य किती आणि केवळ गतकाळाचा मोह किती? आजच्या विवेचनाचा विषय हा आहे.

उदाहरण मुद्दामच परकीय निवडले आहे. रामकृष्णांच्या चित्रपटांविषयी बोलू लागले की श्रद्धा आणि रसिकता यांची सरमिसळ होते. ग्रीक देवांच्या बाबतीत तो अडसर नाही. 'क्लॅश ऑफ द टायटन्स' या नावाचा इंग्रजी चित्रपट १९८१ साली निघाला आणि त्याच नावाने त्याची नवी आवृत्ती २०१० साली आली. दोन्हींचा नायक पर्सियस. मध्ये एकोणतीस वर्षांचे अंतर. आणि या अंतरात चित्रपटाचे तंत्र आमूलाग्र बदलले, देवांकडे पाहण्याची कथाकारांची दृष्टीही बदलली.

प्रथम मूळ कथा. ती ज्या जुन्या संकलनात सलग सापडते, त्याचे नावच मोठे अर्थपूर्ण आहे. अपोलोडोरसच्या नावावर असलेल्या त्या ग्रंथाला 'बिब्लिओथेका' म्हणतात. बिब्लिओथेका म्हणजे ग्रंथालय. आर्गोसचा राजा ॲक्रिसियस याला भविष्यवाणी होते की, कन्येच्या पुत्राकडून त्याला मृत्यू आहे. आपल्याला येथे कंसाची आठवण व्हावी. तो कन्या डॅनाई हिला कोंडून ठेवतो. पण झ्यूस सुवर्णवृष्टीच्या रूपाने तिच्याकडे येतो आणि पर्सियस जन्मतो. ॲक्रिसियस मायलेकरांना पेटीत घालून समुद्रात सोडतो. येथे कर्णाची आठवण व्हावी. पेटी सेरिफॉस बेटाला लागते. तेथील राजा पॉलिडेक्टीस याला डॅनाई हवी असते. म्हणून तिच्या तरुण मुलाला तो मेड्युसाचे शिर आणावयास पाठवतो. जिच्याकडे पाहणारा दगड होतो, अशी ही सर्पकेशिनी. देवांनी दिलेल्या साहाय्याने पर्सियस तिला मारतो. परतताना सागरी राक्षसाला बळी दिलेल्या अँड्रोमेडेची सुटका करतो. आणि पुढे एका क्रीडास्पर्धेत त्याच्या हातून सुटलेली थाळी लागून ॲक्रिसियस मरतो. भविष्यवाणी खरी होते, पण ती द्वेषाने नव्हे, केवळ अपघाताने.

आता १९८१ चा चित्रपट पाहू. ज्याला आज सारे 'मूळ' म्हणतात, त्यानेही मूळ कथेत किती फेरफार केले आहेत! पटकथाकार बेव्हर्ली क्रॉस यांनी अँड्रोमेडेवर येणाऱ्या सागरी राक्षसाला क्राकेन हे नाव दिले. क्राकेन हा नॉर्वेच्या दर्यावर्दी लोककथांतला, ग्रीकांना तो ठाऊक नव्हता. कॅलिबॉस नावाचा विद्रूप प्रतिनायक सर्वस्वी नवा. ग्रीक कथेत पेगॅसस हा पंखांचा घोडा मेड्युसाच्या मानेतून जन्मतो आणि त्याच्यावर स्वार होतो तो बेलेरोफॉन नावाचा दुसराच वीर. चित्रपटात मात्र पर्सियसच त्याला माणसाळवतो. रोमन कवी ओव्हिडच्या काव्यात मेड्युसाच्या रक्ताच्या थेंबांतून लिबियाच्या वाळवंटात साप उपजतात. पडद्यावर त्यांचे प्रचंड विंचू झाले. ओव्हिडचा पर्सियस सागरी राक्षसाला वाकड्या तलवारीने मारतो. पडद्यावरचा त्याला मेड्युसाचे मस्तक दाखवून शिळा करतो. एवढेच काय, शीर्षकात ज्यांच्या युद्धाची ग्वाही आहे ते टायटन देवांच्या आधीच्या पिढीचे. मेड्युसा आणि क्राकेन यांपैकी कोणीही ग्रीक परंपरेत टायटन नाही. तेव्हा 'नव्याने मूळ बिघडवले' ही तक्रार करणाऱ्याने ध्यानात घ्यावे की, जुनेही एक पुनर्कथनच होते.

तरीही हा चित्रपट लोकांच्या मनात राहिला. त्याचे श्रेय दिग्दर्शक डेस्मंड डेव्हिस यांच्यापेक्षा, किंबहुना झ्यूसच्या भूमिकेतील लॉरेन्स ऑलिव्हिए यांच्यापेक्षाही, रे हॅरीहाउसेन या कारागिराकडे जाते. ते चित्रपटाचे एक निर्मातेही होते. १९२० साली लॉस एंजलिस येथे जन्मलेल्या या मुलाने तेराव्या वर्षी, १९३३ साली, 'किंग काँग' पाहिला आणि ते अजस्र वानर हलले कसे या एका प्रश्नाने त्याचे आयुष्य व्यापले. उत्तर साधे होते आणि पेलावयास अवघड. आत सांध्यांचा धातूचा सांगाडा आणि वर रबराची कातडी अशी बाहुली करावयाची. तिला केसभर हलवून एक चित्र घ्यावयाचे. पुन्हा केसभर हलवून दुसरे. पडद्यावरील एका सेकंदाला अशी चोवीस चित्रे लागतात. १९६३ च्या 'जेसन अँड द आर्गोनॉट्स'मध्ये सात सांगाडे तीन माणसांशी तलवारीने लढतात. काही मिनिटांच्या त्या प्रसंगासाठी हॅरीहाउसेन साडेचार महिने राबत होते.

मेड्युसेचा प्रसंग हा त्यांच्या कारागिरीचा कळस मानला जातो. जुन्या चित्रांतील मेड्युसा दोन पायांची असते. हॅरीहाउसेन यांनी तिला कमरेखाली सर्पदेह दिला, शेपटीला खुळखुळणाऱ्या सापाचा खुळखुळा आणि हातात धनुष्य. मशालींच्या थरथरत्या उजेडात ती दोन्ही हातांवर भार देत आपले धड फरशीवरून ओढत पुढे येते. डोक्यावरचा प्रत्येक साप स्वतंत्रपणे वळवळतो. म्हणजे प्रत्येक चित्रासाठी प्रत्येक साप वेगळा हलवावा लागला होता. खांबाआड पर्सियस उभा आहे, कपाळावर घाम, मुठीत तलवार. तो वाट पाहतो आणि प्रेक्षकही वाट पाहतो. या प्रसंगाची सारी शक्ती त्या वाट पाहण्यात आहे. मेड्युसेची चाल किंचित अडखळती आहे, बाहुलीपण पुरते लपलेले नाही. परंतु त्या अडखळण्यामुळेच ती या जगातली नव्हे असे वाटते. उणीव गुण होऊन बसली.

भारतीय प्रेक्षकाला ही विद्या परकी वाटू नये. दादासाहेब फाळके यांनी भांडवलदाराचा विश्वास मिळवण्यासाठी १९१२ साली कुंडीत वाटाण्याचे रोप लावले आणि दररोज थोडे थोडे चित्रण करून अंकुराची वाढ पडद्यावर दाखवली. पुढे १९१५ च्या सुमारास 'आगकाड्यांची मौज' या लघुपटात त्यांनी आगकाड्यांना नाचवले. 'लंकादहन' (१९१७) आणि 'कालियामर्दन' (१९१९) यांतील चमत्कारदृश्ये याच हस्तकौशल्याची फळे. हॅरीहाउसेन जन्मले त्यापूर्वीच महाराष्ट्रात एक माणूस निर्जीव वस्तूंना चित्रागणिक हलवून प्राण देत होता, ही नोंद करण्यासारखी गोष्ट आहे.

१९८१ च्या चित्रपटात एक सूचक दृश्य आहे. ऑलिंपसवर झ्यूसजवळ एक छोटे रंगमंडल आहे आणि मर्त्य माणसांच्या चिमुकल्या मातीच्या मूर्ती. झ्यूस एखादी मूर्ती उचलून मंडलात ठेवतो आणि खाली पृथ्वीवर त्या माणसाचे दैव पालटते. देव बाहुल्या हलवतो आणि पडद्यामागे हॅरीहाउसेनही बाहुल्या हलवीत आहेत. नियती ही कोणाच्या तरी हातातली हालचाल आहे हा प्राचीन भाव, आणि हातांनी बाहुल्या हलवण्याचे तंत्र, या दोहोंचा येथे आपोआप मेळ बसला. आशय आणि साधन एकजीव होणे ज्याला म्हणतात, ते हेच.

आता २०१० ची आवृत्ती. दिग्दर्शक लुई लेतेरिए हे जुन्या चित्रपटाचे चाहते. अनादर हा त्यांचा हेतू नव्हे. सॅम वर्दिंग्टन यांचा पर्सियस येथे कोळ्याच्या घरात वाढतो. आर्गोसचे सैनिक झ्यूसचा पुतळा उलथून समुद्रात ढकलतात. पाताळाचा स्वामी हेडीस त्यांचा सूड घेतो आणि त्या तडाख्यात पर्सियसचे निरपराध कुटुंब बुडते. देवांना माणसांच्या प्रार्थनांवर जगावे लागते. प्रार्थना आटली की त्यांचे अमरत्व डळमळते. हा पर्सियस देवांवर रागावलेला आहे. झ्यूसने पाठवलेली तलवार तो नाकारतो. जे करीन ते मनुष्य म्हणून करीन, असा त्याचा हट्ट आहे.

ही कल्पना क्षुद्र नाही, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. निरपराधाने का भोगावे हा प्रश्न जुन्या चित्रपटाने विचारलाच नव्हता. त्याचा पर्सियस देवांच्या देणग्या हसतमुखाने घेतो आणि दाखवलेल्या वाटेने जातो. नव्या पिढीच्या कथाकाराने तेथे बोट ठेवले, हा त्याचा अधिकारच आहे.

मराठी वाचकाला तर यातील काही भाग फार ओळखीचा वाटेल. देवाला भक्तावाचून चालत नाही, हे आपल्या संतांनी देवाला तोंडावर सुनावले आहे. नामदेव रुसतात, जनाबाई शिव्या देतात, तुकाराम विठ्ठलाचा हिशेब मांडतात. पण तो कलह घरातला आहे. ज्याच्याशी भांडायचे त्याच्याच पायाशी बसून केलेला आहे. नाते घट्ट आहे म्हणूनच जीभ सैल सुटते. २०१० च्या पर्सियसचा कलह नाते तोडणाऱ्याचा आहे. तोही कलह थोर होऊ शकतो, परंतु त्याला शेवटपर्यंत नेण्याची हिंमत हवी. नवा चित्रपट नेमका तेथे कच खातो. नाकारलेली तलवार अखेर नायक हाती घेतोच. हेडीसला परत पाताळात धाडतो तो झ्यूसच्याच विजेच्या बळावर. तो देवत्व नाकारतो खरे, पण मृत सहचरी आयो त्याला परत मिळते ती झ्यूसच्या कृपेने. ज्या देवांविरुद्ध बंड पुकारले, त्यांच्याच प्रसादावर कथेची सांगता होते. प्रश्न उपस्थित केला आणि उत्तराच्या वेळी पाठ फिरवली. (ही आयो ग्रीक वंशावळीत पर्सियसची कित्येक पिढ्यांपूर्वीची पूर्वज आहे, हे येथे जाता जाता सांगावे.)

तंत्राचेही तसेच. नवी मेड्युसा संगणकाने घडवलेली, चपळ. तप्त लाव्ह्याच्या प्रवाहांवरून ती विजेसारखी सळसळते. तिच्या हालचालीत खोट काढता येत नाही. तथापि प्रेक्षकाला वाट पाहावयास सवड मिळत नाही; भीती वाटू लागावी तोच दृश्य संपते. त्यात आणखी एक भर पडली. डिसेंबर २००९ मध्ये 'अवतार' या त्रिमिती चित्रपटाला मिळालेले यश पाहून निर्मात्यांनी साध्या पद्धतीने चित्रित झालेला हा चित्रपट काही आठवड्यांत घाईने त्रिमितीत रूपांतरित करविला. पुढे खुद्द दिग्दर्शकाने त्याविषयी उघड नाराजी व्यक्त केली. तिकिटे मात्र भरपूर खपली. जगभरात सुमारे ४९ कोटी डॉलर जमा झाले आणि २०१२ साली पुढचा भागही निघाला. दोष यंत्राचा नव्हता. संगणक चालवणाऱ्या शेकडो हातांनीही रात्रीचा दिवस केला असेल. दोष घाईचा होता.

एक लहानसे दृश्य या दोन चित्रपटांतील नाते सांगून जाते. जुन्या चित्रपटात हेफेस्टसने घडवलेले पितळी यांत्रिक घुबड पर्सियसला वाट दाखवते. मुलांचे ते लाडके, प्रौढांना थोडे पोरकट वाटणारे. नव्या चित्रपटात मोहिमेला निघताना शस्त्रांच्या ढिगात पर्सियसच्या हाताला तेच घुबड लागते. हे काय, असे तो विचारतो. ते राहू दे, असे उत्तर येते, आणि मंडळी पुढे निघतात. ज्याने जुना चित्रपट पाहिलेला आहे तो प्रेक्षक हसतो, पण त्या हसण्यात बोच असते. वारसा हाती लागला, ओळखला, आणि खाली ठेवला.

येथे जुन्याचे अंध कौतुकही टाळावयास हवे. १९८१ चा नायक बराचसा ठोकळेबाज आहे, कथा मधूनमधून रेंगाळते, आणि 'स्टार वॉर्स' (१९७७) नंतरच्या प्रेक्षकाला ते बाहुल्यांचे तंत्र तेव्हाच जुने वाटले होते. तो हॅरीहाउसेन यांचा अखेरचा कथापट ठरला. जुन्या चित्रपटासाठी हळहळणारा प्रौढ प्रेक्षक काही अंशी स्वतःच्या सरलेल्या वयासाठी हळहळत असतो. शेजारी बसलेला मुलगा त्याच वेळी नव्या मेड्युसेने खरोखरच दचकलेला असतो, आणि त्याचे दचकणे खोटे नसते.

मग पुनर्कथनाची कसोटी कोणती? तिचे उत्तर आकाशात पाहावे. १९८१ च्या चित्रपटाच्या अखेरीस झ्यूस पर्सियस, अँड्रोमेडा, पेगॅसस आणि कॅसिओपिया यांना तारकांत स्थान देतो. पाश्चात्त्य नभोमंडलात ही मंडळी खरोखरच शेजारी शेजारी आहेत. मराठी खगोलग्रंथ उघडावा तर त्याच तारकासमूहांची नावे ययाति, देवयानी, शर्मिष्ठा आणि वृषपर्वा अशी आढळतात. पर्सियसचा ययाति झाला, अँड्रोमेडेची देवयानी, कॅसिओपियेची शर्मिष्ठा, सेफियसचा वृषपर्वा. तारे तेच, एका संस्कृतीची कथा उतरवून दुसरीने आपली कथा तेथे टांगली. यापेक्षा धीट पुनर्कथन कोणते असेल?

आणि ययाति म्हटले की वि. स. खांडेकर आठवतात. १९५९ च्या त्यांच्या कादंबरीने महाभारतातील छोटे उपाख्यान घेतले आणि ययाति, देवयानी, शर्मिष्ठा यांना आपापल्या मुखाने बोलू दिले. व्यासांशी ती तंतोतंत जुळत नाही. पण खांडेकरांनी आपल्या काळाचा एक प्रश्न, अतृप्त भोगाचा प्रश्न, कथेला विचारला आणि त्याचे उत्तर येईपर्यंत ते कथेपासून हटले नाहीत. १९७४ च्या ज्ञानपीठ पुरस्काराने तिचा गौरव झाला. पुनर्कथनाने मुळाशी इमान राखावे की नाही हा वाद गौण आहे. त्याने स्वतःच्या प्रश्नाशी इमान राखले पाहिजे. या कसोटीला २०१० चा चित्रपट उतरत नाही. प्रश्न मोठा विचारूनही उतरत नाही. १९८१ चा चित्रपट प्रश्न लहान विचारतो, पण हाती घेतलेले काम तडीस नेतो.

ही तुलना कशामुळे शक्य झाली? दोन्ही चित्रपट आज उपलब्ध आहेत म्हणून. जुना नाहीसा झाला असता तर नव्यालाच मूळ मानावे लागले असते. ही भीती काल्पनिक नाही. फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र' १९१३ साली काढला आणि १९१७ साली तो पुन्हा चित्रित केला. पुण्यातील राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयासाठी पी. के. नायर यांनी फाळके कुटुंबीयांकडून जी थोडी रिळे मिळवली, ती दुसऱ्या आवृत्तीची असल्याचे अनेक अभ्यासक मानतात. म्हणजे भारतीय चित्रपटाचा आरंभ म्हणून जे दाखवले जाते तेच कदाचित पुनर्निर्माण आहे! हॅरीहाउसेन यांच्या बाहुल्यांचे रबरही काळाने झिजते, तडकते. त्यांनी १९८६ साली प्रतिष्ठान स्थापून त्या जपण्याची व्यवस्था केली. २०१३ साली ते निवर्तले, आणि २०२० साली एडिंबऱ्याच्या राष्ट्रीय कलादालनात त्या बाहुल्यांचे मोठे प्रदर्शन भरले.

शंभर वर्षांच्या ग्रंथालयाला हे निराळे सांगावयास नको. कसरीपासून, ओलीपासून आणि मुख्यतः विस्मरणापासून येथे जे जपले गेले, त्यामुळेच नवे लेखन जुन्याशेजारी ठेवून पाहता येते. नवा चित्रपट पाहून एखादा मुलगा उद्या येथे येईल आणि पर्सियसची गोष्ट मागेल. 'ते राहू दे' असे उत्तर त्याला मिळू नये. 'कोणती?' असे विचारणारा कोणी तरी त्या वेळी या मेजापाशी बसलेला असावा.